कांड्या ढीगभर, माग तेवढाच!

‘काय बे, नवी रॅम टाकली तरी पीसी तसाच रडालाय?’

डॉक्युमेंटरी सबमिट करायला चार दिवस उरले होते. एडिटिंग चाललं होतं पूर्व भागात, मित्राच्या घरी. बाहेर यंत्रमागांची खडखड, आत अडकत अडकत चालणारी टाइमलाइन. पीसीत कोअर आय-फाइव्ह 10400 प्रोसेसर, एच410 चिपसेटचा मदरबोर्ड आणि 8 जीबी रॅम. शेवटी सगळ्यांनी कॉन्ट्री काढली. जुनी स्टिक काढून, जरा जास्त पैसे मोजून, 16 जीबीची ‘डीडीआर4 3200’ लावली. टास्क मॅनेजर उघडला, तर स्पीडपुढे आकडा 2667!

पहिला संशय, स्टिक डुप्लिकेट. पण स्टिक अस्सल होती, चुकलो आम्हीच. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच 2666 आहे आणि एच410 बोर्ड त्यापुढे जाऊ देत नाही. मग 3200 ची स्टिक गुपचूप खालच्या वेगावर येते. बिघडत काही नाही, फक्त जादाचे पैसे वाया जातात.

मित्राच्या आजीने आयुष्यभर कांड्या भरल्या. तिला हे सांगायला कॉम्प्युटर लागला नसता. कांडी वेळेवर आली नाही तर माग थांबतो; पण कांड्यांचा ढीग लावला म्हणून चादर लवकर निघत नाही. प्रोसेसर म्हणजे माग, रॅम म्हणजे कांडी.

आता हिशेब बघा. 3200 म्हणजे सेकंदाला 320 कोटी फेऱ्या, प्रत्येक फेरीत 8 बाइट. झाले 25.6 जीबी. 2666 ला हेच साधारण 21.3 जीबी. पण तशाच दोन स्टिक जोडीने लावल्या तर दोन वाटा उघडतात आणि आकडा जातो 42.6 वर! यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. म्हणजे एका महागड्या वेगवान स्टिकपेक्षा दोन साध्या स्टिक भारी.

हे गणित जुनंच आहे. पेन्टियम 4 च्या काळात प्रोसेसरची 800 मेगाहर्ट्झची बस सेकंदाला 6.4 जीबी ओढायची. डीडीआर400 च्या दोन स्टिक मिळून बरोबर तेवढंच द्यायच्या. इंटेलने 2008 पासून मेमरी कंट्रोलर थेट प्रोसेसरमध्ये आणायला सुरुवात केली. त्यामुळे आज आधी प्रोसेसरची मर्यादा बघायची, मग मदरबोर्डची.

खरेदीआधी एवढं कराच:

• कंपनीच्या साइटवर प्रोसेसरचं मॉडेल टाकून ‘मेमरी टाइप्स’ वाचा.
• टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’. तिथे सध्याचा स्पीड आणि वापरलेले स्लॉट दिसतात.
• डीडीआर4 च्या स्लॉटमध्ये डीडीआर5 बसत नाही. जोर लावू नका.
• वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या तर सगळ्या हळू स्टिकच्या चालीने चालतात. बेजोड स्टिकचं जमेलच याची खात्री नसते, म्हणून शक्यतो जोडीच घ्या.

आमचं काय झालं? ड्रॉवरमध्ये टाकलेली जुनी 8 जीबीची स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये परत लावली. ती 2666 चीच होती. नशिबाने जमलं. एकूण 24 जीबी, त्यातल्या 16 जीबीला दोन वाटा. नवा खर्च शून्य.

डॉक्युमेंटरी वेळेत गेली. विषय? कांडी भरणाऱ्या बायका.