भाड्याची बोट आणि तांडेल

आपल्या मंडळातल्या दोघा-तिघांनी मला विचारलं, की परदेशात शिडाची बोट आठवडाभर भाड्याने मिळते म्हणतात, ते खरं का? आणि आपल्यासारख्यांना ते जमण्यासारखं आहे का? दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जणांनी ग्रीसच्या आयोनियन समुद्रात, लेफ्कादा बेटावरून निघून, असा एक आठवडा काढला. तो अनुभव आणि त्याआधी केलेली चौकशी यांच्या आधारावर हे लिहिते आहे.

आधी ‘यॉट’ या शब्दाची भीती काढून टाकू. सिनेमातली श्रीमंतांची पांढरी शुभ्र यॉट वेगळी. भाड्याने मिळते ती साधारण 35 ते 45 फुटांची, शीड आणि डिझेल इंजिन दोन्ही असलेली बोट. आत तीन-चार चिमुकल्या खोल्या, गॅसची शेगडी, एक-दोन संडास आणि मोजकं गोडं पाणी. हॉटेलशी तुलना केलीत तर निराश व्हाल, रेल्वेच्या डब्याशी केलीत तर अंदाज बरोबर येईल. भाडं सहसा शनिवार ते शनिवार असतं. ते सहा जणांत वाटलं की तेवढं भयंकर वाटत नाही.

बोट घेण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला ‘बेअरबोट’, म्हणजे नुसती बोट. चालवायची तुम्ही, जबाबदारी तुमची. दुसऱ्या प्रकारात बोटीबरोबर पगारी स्किपर मिळतो. त्याची रोजची फी, जेवण आणि झोपायची जागा आपण द्यायची. तिसरा ‘फ्लोटिला’. यात दहा-बारा बोटी एकत्र निघतात, पुढे कंपनीची एक बोट असते आणि अडचण आली की तिथली माणसं मदतीला येतात. बोट चालवता येते पण धीर होत नाही, अशांसाठी हा प्रकार चांगला.

आमच्यात खरा वाद झाला तो इथेच. गोव्यात घरोघरी कुणी ना कुणी तारवटी असतोच. आमच्या गटातला माझा मावसभाऊ मोठ्या मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. त्यामुळे ‘आपला दादा आहे ना, मग स्किपरला पैसे कशाला?’ असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण ग्रीसमध्ये बेअरबोट घ्यायची तर स्किपरकडे शिडाच्या बोटीचा मान्य परवाना लागतो, आणि बोट हाताळता येणारा आणखी एक माणूस यादीत लागतो. कंपनीने दादाचे कागद पाहून नम्रपणे नाही म्हटलं. दादाला ते फार लागलं. ‘बारा वर्षं दर्यावर काढली, आणि आता मला कागद विचारतात?’ म्हणाला. दोन दिवस तो आमच्याशी नीट बोललासुद्धा नाही.

नियम मात्र विनाकारण नाही. मोठं जहाज इंजिनच्या जोरावर ठरल्या मार्गाने जातं. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन करून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, अशी नागमोडी जाते. शिवाय भूमध्य समुद्रात धक्क्याला लागायची पद्धतही वेगळी. पुढे नांगर टाकायचा आणि बोट मागे मागे नेत पिछाडी धक्क्याला आणायची. दोन्ही बाजूंना लोकांच्या महागड्या बोटी, आणि त्यात बाजूने वारा! आमच्यापैकी तिघांना पोहता येत नव्हतं. शेवटी आम्ही स्किपर घेतला.

जागा आणि महिना निवडताना वारा बघावा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात, म्हणजे सिक्लाडीस बेटांकडे, ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा कित्येक दिवस जोरात वाहतो. नवख्यांनी तिकडे जाऊ नये. आयोनियन बाजूला सकाळी समुद्र बहुधा शांत असतो आणि दुपारी ‘माइस्त्रो’ हा वायव्येचा वारा सुटतो. आपल्याकडे 1 जूनपासून 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नेमका तेव्हा तिकडे हंगाम भरात असतो. आणखी एक फरक म्हणजे तिथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभर असते, त्यामुळे धक्क्याला दोर बांधताना आपल्या खाड्यांसारखा हिशेब करावा लागत नाही.

अंतराची हाव धरू नये. बोट तासाला पाच-सहा सागरी मैल जाते आणि एक सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर. दिवसाला दहा-पंधरा मैल पुष्कळ झाले. आम्ही मेगानिसी, कालामोस, इथाका आणि केफालोनियाचं फिस्कार्दो एवढंच केलं. इथाका म्हणजे होमरच्या ओडिसियसचं बेट. घर दिसू लागलं असताना त्याच्या खलाशांनी वाऱ्यांची पिशवी उघडली आणि बोट पुन्हा दूर फेकली गेली, ही गोष्ट वर्गात ऐकताना गंमत वाटली होती. तिथल्या दुपारच्या वाऱ्यात ती नुसती गोष्ट वाटत नाही.

कालामोसहून निघालो तेव्हा वारा वाढायच्या आधीच स्किपरने शीड आखडायला लावलं. आम्हाला वाटलं, उगाच घाबरतोय. दादा मात्र म्हणाला, ‘बरोबर करतोय. आखडावं का असं मनात आलं, की तेव्हाच आखडायचं.’ अर्ध्या तासात पांढऱ्या लाटा उठल्या. त्या दिवसापासून दादाचा रुसवा गेला. संध्याकाळी तो स्किपरशेजारी बसून शिडाच्या गोष्टी विचारायचा. आता त्याने आरवायएचा ‘डे स्किपर’ हा पाच दिवसांचा प्रात्यक्षिक कोर्स करायचं ठरवलंय.

आता व्यवहाराचं. करारावर सही करण्याआधी भाड्यात काय नाही ते विचारा. डिझेल, बंदराचं शुल्क, शेवटची सफाई आणि ग्रीसचा पर्यटन-बोटींवरचा कर बहुधा वेगळे असतात. अनामत रक्कम मोठी असते, म्हणून बोट ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. लाइफजॅकेट मोजा आणि प्रत्येकाने घालून बघा. गॅसचा कॉक कुठे आहे, रेडिओवर 16 नंबरची वाहिनी कशी लावायची, हे एकट्या स्किपरला नाही तर सगळ्यांना माहीत हवं. शेंगेन व्हिसाची तयारी लवकर करा. शेवटची रात्र मूळ बंदराजवळच काढा, कारण वारा विमानाच्या वेळा बघून वाहत नाही.

आपल्याकडे ही विद्या नाही असं मुळीच नाही. ‘म्हादेई’ ही बोट गोव्यातच बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये आणि अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ‘तारिणी’ही गोव्यातलीच, आणि 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यावरून जग फिरून आल्या. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर हे शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. स्किपरला आपला शब्द तांडेल. बोट कुठलीही घ्या, पण तांडेल कोण हे निघण्याआधी ठरवा, आणि एकदा ठरलं की पाण्यावर त्याचं ऐका.