पावतीपुस्तकाचे मोल
पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील सेवा क्लबांचा निधी कसा उभा राहतो, कुठे जातो आणि त्याचा हिशेब का महत्त्वाचा

केळवे आणि वैतरणेचे मुख यांच्या दरम्यानच्या किनारपट्टीवर एडवण, मथाणे, कोरे, दातिवरे, उसरणी ही गावे वसलेली असून बागायत, मासेमारी आणि सफाळे स्थानकातून मुंबईकडे होणारी नोकरदारांची ये-जा यांवर तेथील संसार चालतात. देवीचा उत्सव, शाळेची खोली, विहिरीची दुरुस्ती अशी कामे वर्गणीतून उभी करण्याची रीत कोकणच्या गावागावांत जुनी आहे आणि आशापुरी देवीच्या एडवणलाही ती परकी नाही. अशा वर्गणीत देणारा आणि उपभोगणारा एकाच गावचा असतो, त्यामुळे काम झाले की नाही हे पाहायला कोणताही अहवाल लागत नाही. येताजाता ते डोळ्यांना दिसते. पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात कार्यरत असलेले रोटरी वा लायन्स परंपरेतील क्लब मात्र वेगळ्या पायावर उभे असतात. तेथे पैसा बोईसरच्या कारखानदाराचा असतो, श्रम पालघरच्या डॉक्टराचे वा व्यापाऱ्याचे असतात आणि लाभ जव्हारच्या पाड्यावरील किंवा एडवणच्या आळीतील अशा माणसाला होतो, ज्याला देणाऱ्याने कधी पाहिलेलेही नसते. देणारा आणि घेणारा यांची ओळखच नसल्यामुळे या दोघांना जोडणारा एकमेव दुवा म्हणजे हिशेब, आणि म्हणूनच सेवा क्लब समजून घ्यायचा तर त्याच्या कार्यक्रमांच्या छायाचित्रांपेक्षा त्याचे पावतीपुस्तक आधी समजून घ्यावे लागते.

एकाच वर्षीच्या दोन वाटा

सेवा क्लब म्हणजे आपापला व्यवसाय सांभाळून ठरावीक दिवशी एकत्र येणाऱ्या आणि स्वतःच्या वेळेतून, पदरमोड करून समाजोपयोगी काम करणाऱ्या नागरिकांची स्वयंसेवी संघटना. पॉल हॅरिस या वकिलाने तीन सहकाऱ्यांसह २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे अशी पहिली बैठक घेतली. बैठका आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत होत, म्हणून संस्थेला ‘रोटरी’ हे नाव मिळाले. आरंभीचा हेतू परस्परस्नेह आणि व्यवसायवृद्धी एवढाच होता, परंतु १९०७ मध्ये शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून क्लबने प्रयत्न हाती घेतले आणि सेवा हा संघटनेचा हेतू बनला. त्याच १९०५ सालच्या जून महिन्यात पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. गोखल्यांच्या संस्थेने कार्यकर्त्याचे सारे आयुष्य मागितले, तर रोटरीने व्यावसायिकाच्या आठवड्यातील काही तास मागितले. समाजाला दोन्ही वाटांची गरज होती आणि आजही आहे. पुढे १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स चळवळ सुरू झाली, आणि १९२५ मध्ये हेलन केलर यांनी केलेल्या आवाहनानंतर दृष्टिरक्षण हे तिचे प्रमुख कार्य ठरले. भारतात कोलकात्याच्या रोटरी क्लबला १९२० मध्ये सनद मिळाली, मुंबईचा क्लब १९२९ मध्ये स्थापन झाला आणि लायन्स चळवळ १९५६ मध्ये मुंबईतून देशात आली.

दोन खाती, एक विश्वास

क्लबच्या अर्थव्यवहाराचा पाया म्हणजे दोन स्वतंत्र खाती. पहिले प्रशासकीय खाते हे सभासदांच्या वार्षिक शुल्कातून भरते आणि सभागृहाचे भाडे, भोजन, टपाल, पदग्रहण समारंभ, मूळ संस्थेला द्यावयाचे शुल्क असे क्लबचे घरचे खर्च त्यातूनच व्हावे लागतात. दुसरे सेवा खाते हे लोकांकडून जमवलेल्या पैशाचे असते आणि त्यातील रक्कम लोकांच्याच कामी यावी लागते. लायन्सच्या नियमावलीत तर जनतेकडून मिळालेला निधी जनतेकडेच परत गेला पाहिजे, असे बंधन आहे. सभासदांच्या जेवणाचे बिल सेवा खात्यातून भरले गेले, तर रक्कम कितीही किरकोळ असली तरी संस्थेच्या पायाला तडा जातो. अनेक क्लब सेवाकार्यासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था नोंदवतात. ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीत येते आणि तिला दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. आयकर कायद्यातील ‘८०जी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीचा काही भाग देणगीदाराच्या करपात्र उत्पन्नातून वजा होणे. ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख रकमेला लागू होत नाही, म्हणून मोठी देणगी धनादेशाने वा बँकेमार्फत देणे हे दोघांच्याही हिताचे असते.

निधी उभारण्याचा मराठी मुलुखातील सर्वांत परिचित मार्ग म्हणजे मदतीसाठी नाटकाचा किंवा गाण्यांचा कार्यक्रम. नाट्यसंस्थेला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घ्यायचा, देणगी प्रवेशिका सभासदांनी आपापल्या परिचितांत खपवायच्या आणि सोबत जाहिरातींची स्मरणिका काढायची, अशी ही रचना असते. समजा, प्रयोग, सभागृह, ध्वनियंत्रणा आणि प्रवास मिळून १ लाख २० हजार रुपये खर्च आला आणि तीनशे रुपयांच्या पाचशे प्रवेशिका खपल्या, तर जमा १ लाख ५० हजार होऊन हाती फक्त ३० हजार उरतात. परंतु स्मरणिकेत दोन लाखांच्या जाहिराती मिळाल्या आणि छपाईला ४० हजार लागले, तर तेथून १ लाख ६० हजार सुटतात. म्हणजे नाटक माणसे जमवते आणि पैसा स्मरणिका जमवते. दिवाळीपूर्वीचा फराळ व वस्तूंचा मेळा, खाद्यपदार्थांचे स्टॉल, धावण्याची स्पर्धा या उपक्रमांचेही गणित असेच असते आणि खर्च वजा जाता उरलेला आकडा जाहीर करणारा क्लबच पुढल्या वर्षी त्याच दारात ताठ मानेने जाऊ शकतो.

मोठ्या कामांसाठी आणखी दोन झरे आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पाचशे कोटी रुपये निव्वळ संपत्ती, हजार कोटी उलाढाल किंवा पाच कोटी निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. यालाच ‘सीएसआर’ निधी म्हणतात. ज्या परिसरात कंपनी चालते त्याला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो, म्हणून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या गावांना या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे. दुसरा झरा रोटरी फाउंडेशनचा. १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांनी या निधीची कल्पना मांडली आणि त्यात पडलेली पहिली देणगी अवघी साडेसव्वीस डॉलरची होती. क्लबांनी वार्षिक निधीत दिलेल्या रकमेपैकी सुमारे निम्मी तीन वर्षांनी त्यांच्याच रोटरी प्रांताच्या वापरासाठी परत येते, आणि दोन देशांतील क्लब एकत्र आले तर किमान तीस हजार डॉलरच्या प्रकल्पासाठी जागतिक अनुदान मागता येते. अशाच थेंबाथेंबांनी साचलेल्या निधीने १९८५ पासून पोलिओविरोधी मोहिमेला बळ दिले. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

पैशाचे काम कसे होते

नेत्रशिबिर हे वरकरणी एका दिवसाचे काम वाटते. शाळेच्या ओसरीत रांग लागते, अक्षरओळख नसलेल्यांना चार दिशांना तोंड करून छापलेली इंग्रजी ‘ई’सारखी चिन्हे दाखवून त्यांची टोके कुणीकडे आहेत हे बोटांनी दाखवायला सांगतात, मग डोळ्यांत औषध घालून तपासणी होते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. तो ‘पिकेपर्यंत’ थांबावे ही जुनी समजूत आजच्या शस्त्रक्रियेत उरलेली नाही, हे शिबिरात आवर्जून सांगावे लागते. खरा खर्च मात्र त्यानंतर सुरू होतो. निवडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर आटोक्यात आणणे, त्यांना गाडीने रुग्णालयात नेणे, सोबत्याच्या जेवणाची सोय करणे, औषधाचे थेंब व काळा चष्मा देणे आणि काही दिवसांनी पुन्हा तपासणीला आणणे ही साखळी पूर्ण झाली, तरच आजीला सुईत दोरा ओवता येतो. म्हणून ‘किती जण तपासले’ या आकड्यापेक्षा ‘किती जणांची फेरतपासणी झाली’ हा आकडा अधिक खरा असतो.

रक्तदान शिबिराचेही असेच आहे. पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंदी असल्याने रक्तपेढ्यांचा आधार स्वेच्छा रक्तदाते हाच आहे. रक्ताच्या एका पिशवीतून तांबड्या पेशी, बिंबिका म्हणजे प्लेटलेट आणि रक्तद्रव वेगळे करता येतात. पण तांबड्या पेशी साधारण सहा आठवडे आणि बिंबिका जेमतेम पाच दिवस टिकत असल्यामुळे एकाच दिवशी गर्दी करण्यापेक्षा मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना घेतलेले लहान शिबिर अधिक उपयोगी पडते.

पाण्याचा प्रश्न पालघर जिल्ह्याइतका विसंगत क्वचितच कुठे असेल. जव्हार-मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु उतार तीव्र आणि खडक कठीण असल्याने तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून, शिवून, पाऊस ओसरल्यावर ओढ्यात आडव्या रचल्या की वनराई बंधारा होतो. त्याला पैसा थोडा आणि श्रमदान फार लागते, मात्र तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो. पक्का बंधारा टिकतो, पण त्यासाठी मोठा निधी हवा, आणि त्याची फळ्या-गाळाची निगा गावाने अंगावर घेतली नाही तर काही वर्षांत तोही निरुपयोगी ठरतो.

वर्षाची मर्यादा

सेवा क्लबांचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो. या रीतीमुळे कुणाची मक्तेदारी होत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु एका वर्षात दाखवता येईल असेच काम निवडण्याचा मोह हा तिचा दोष आहे. वह्यावाटप, चादरवाटप एका सकाळी उरकते, छायाचित्र निघते आणि फलक उतरतो. याच जिल्ह्यात बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला रुजवले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हे उत्तर त्यांना तेथे वर्षानुवर्षे राहिल्यामुळे सापडले. क्लबाच्या सभासदांना तसे राहणे शक्य नसले, तरी तीन वर्षांची योजना आखून तीन अध्यक्षांना तिच्याशी बांधून घेणे निश्चित शक्य आहे. रोटरीत सभासद नसलेल्या ग्रामस्थांचा ‘रोटरी कम्युनिटी कोअर’ हा गट स्थापन करण्याची सोयही आहे. एडवणसारख्या गावात असा गट उभा राहिला, तर गरज ठरवण्याचा अधिकार गावाकडे येतो आणि गाव केवळ लाभार्थी उरत नाही. गाव करील ते राव काय करील, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

एडवण-सफाळ्यापासून बोईसरपर्यंतच्या प्रत्येक नागरिकाने म्हणूनच दोन गोष्टी कराव्यात. दारात पावतीपुस्तक घेऊन आलेल्या सभासदाला रिकाम्या हाताने पाठवू नये, आणि पावती घेताना रक्कम कोणत्या खात्यात व कोणत्या कामासाठी जाणार हे विचारावे. पुढे जुलैत नवे पदाधिकारी सूत्रे घेतील, तेव्हा मागील वर्षाचा जमाखर्च आवर्जून मागावा. ज्या क्लबाने काम केले आहे, त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही; उलट हिशेब दाखवण्याची संधी मिळाल्याचा आनंदच होईल.