बिल्टीवरील रिकामा रकाना

बँकेच्या सेवेत असताना व्यापाऱ्यांची साठापत्रके तपासणे हे माझे नित्याचे काम होते. दुकानातील माल, गोदामातील माल, उधारीचे येणे हे सारे आम्ही बारकाईने पाहत असू. वाटेवरचा माल मात्र त्या कागदावर केवळ एका आकड्याने येई, आणि तो कोणाच्या जोखमीवर आहे हे आम्हीही क्वचितच विचारीत असू.

सांगली जिल्ह्यातील एका साडी-व्यापाऱ्यामुळे 2014 साली हा प्रश्न मला नीट कळला. दिवाळीसाठी सुरतेहून त्यांच्या साड्यांच्या गाठी निघाल्या होत्या. माल 3,80,000 रुपयांचा, भाडे 2,600 रुपये. वाटेत ताडपत्री फाटली, परतीच्या पावसाने गाठी भिजल्या आणि रंग एकमेकांत उतरले. शेठ माझ्यासमोर बसून एवढेच म्हणाले, "साहेब, दुकानाचा विमा आहे ना आपला?" होता, परंतु तो दुकानाच्या चार भिंतींपुरता.

सुरतेच्या पेढीने हात वर केले. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या 39 व्या कलमानुसार, माल खरेदीदाराकडे पाठविण्यासाठी वाहतूकदाराच्या स्वाधीन केला की तो सामान्यतः खरेदीदारालाच पोहोचला असे मानतात. वाहतुकीचा करार वाजवी अटींवर करण्याचे बंधन त्याच कलमाने विक्रेत्यावर घातले आहे खरे. पण येथे वाहतूकदार शेठनीच सुचविला होता, स्वस्त म्हणून.

राहिला वाहतूकदार. रस्ता मालवाहतुकीचा 2007 चा कायदा व त्याखालील 2011 चे नियम पाहता, जादा जोखमीचा दर देण्याचे मान्य केलेले नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरतीच. म्हणजे 26,000 रुपये. बिल्टीवरील किमतीचा रकाना रिकामाच होता. शिवाय नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदविल्यापासून 180 दिवसांत द्यावी लागते. संबंध बिघडू नयेत म्हणून आपली मंडळी थांबतात आणि मुदत निघून जाते. शेठनी ती वेळेत दिली, एवढेच समाधान.

रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या विम्यालाही 'मरीन'च म्हणतात. "आमचा माल कुठे समुद्रातून जातो?" असे म्हणून कितीकांनी तो अर्ज माझ्या टेबलावरून परत सारला असेल! वस्तुतः वर्षभराच्या साऱ्या खेपांसाठी एकच खुली पॉलिसी घेता येते.

आता शेठचे चिरंजीव मोबाईलवर साड्या दाखवून कुरिअरने घरपोच पाठवितात. पार्सल फाटले, तर गिऱ्हाईक कुरिअरला नव्हे, दुकानाला बोल लावते. माल मिळाल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत वसुली काही दिवस कुरिअरवाल्याकडेच पडून राहते. ती विनातारण उधारीच होय. खतावणीत मात्र तशी कोणी मांडत नाही. चिरंजीवांनी ती मांडली आहे, दर शनिवारी तिचा मेळ घालतात.

पुढच्या दिवाळीला शेठ बिल्टी घेऊन मुद्दाम शाखेत आले. किमतीचा रकाना भरलेला होता. विम्याच्या हप्त्याविषयी विचारले, तर म्हणाले, "तो मी भाड्यातच धरला, साहेब."