अर्धे तिकीट आणि पुरी शिदोरी

यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेर परसोपंत हे तालुक्याचे गाव लागते. भोवतालच्या खेड्यांतील माणसे बाजारासाठी, कचेरीतील कामांसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी येथे येतात. येथल्या मुली पुढील शिक्षणासाठी एस. टी.ने यवतमाळ किंवा अमरावती गाठतात. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत लागू झाली आणि घराबाहेर पडण्याचा खर्च अर्ध्यावर आला. ही गोष्ट लहान नाही. परंतु घराबाहेर पडल्यावर कोठे जावे, काय पाहावे आणि आपण कोण आहोत, या प्रश्नांची उत्तरे तिकिटासोबत मिळत नाहीत. त्यासाठी निराळी शिदोरी लागते. ती देण्याचे काम गावच्या वाचनालयाचे आहे.

प्रवास, निर्मिती, स्वत्व आणि स्त्रीजीवन या विषयांवरील वाचनीय पुस्तकांची यादी करावयाची म्हटली, की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर प्रथम इंग्रजी नावे येतात. वस्तुतः मराठीत हे चारही विषय एकाच कपाटात, बहुधा एकाच पुस्तकात, भेटतात. मराठी स्त्रीने जेव्हा जेव्हा उंबरठा ओलांडला, तेव्हा तेव्हा ‘मी कोण’ हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधताना तिच्या हाती लेखणी आली.

पंडिता रमाबाईंचेच उदाहरण घ्यावे. वैधव्य आलेले, पदरी लहान मुलगी, अशा स्थितीत त्या १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाचे निमित्त होते. मुक्काम मात्र जवळजवळ तीन वर्षांचा झाला. तेथील शाळा, राज्यव्यवस्था आणि स्त्रियांच्या संस्था पाहून त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिले. ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. प्रवासवर्णन म्हणजे केवळ प्रेक्षणीय स्थळांची जंत्री नव्हे, हे समजण्यास एवढे एक पुस्तक पुरेसे आहे.

दुसरे पुस्तक तर वऱ्हाडचेच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मुलीला त्यांनी घरीच शिकविले. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि सर्व स्त्रीजातीवर वृत्तपत्रांतून दोषारोप होऊ लागला, तेव्हा या कारकुनाच्या मुलीने उत्तर दिले. जोतीराव फुले यांनी त्या पुस्तकाची बाजू घेतली. तरीही पुढे ते विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. नव्वदांहून अधिक वर्षे मराठी मुलींना हे पुस्तक असल्याचा पत्ताच नव्हता. जे पुस्तक फळीवर राहत नाही, ते पुढील पिढ्यांच्या लेखी लिहिलेच गेलेले नसते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी सांगावी लागू नये. लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने नागपूर, राजनांदगावपासून नगरपर्यंतचा आपला संसार इतक्या निर्मळ विनोदाने लिहिला, की धर्मांतरासारखा घर मोडणारा प्रसंगही त्यात कटुतेवाचून येतो. स्वत्वाचा शोध अधिक कठोर असतो तो जातीची भिंत आड असेल तेथे. नागपूरच्या कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये दलित मुलीने संस्कृत शिकणे आणि शिकविणे म्हणजे काय, हे सांगितले. फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकानात बसून पुड्यांसाठी आणलेली रद्दी वाचीत आणि आपले लिहिलेले घरच्यांपासून लपवून ठेवीत. त्यातून ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. निर्मितीला निवांतपणा लागतो असे म्हणणाऱ्यांनी ते दुकान आठवावे. आणि अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने लिहून ठेवली नसती, तर १९५२ मध्ये तिच्या मृत्यूनंतर छापायला काय उरले असते, हाही विचार करावा. ज्यांना यानंतर दूरचे जग पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी मीना प्रभू यांची ‘माझं लंडन’, ‘दक्षिणरंग’ ही पुस्तके आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. आज तालुक्याच्या वाचनालयात येणारा विद्यार्थी स्पर्धा परीक्षेचे पुस्तक मागतो. नोकरीची निकड असलेल्या घराला आत्मचरित्रे वाचण्याचा उपदेश करणे सोपे आणि निर्दय आहे. परंतु परीक्षेचे पुस्तक निकालाबरोबर संपते. नोकरी लागो वा न लागो, सासर जवळ असो वा दूर, पुढील चाळीस वर्षे त्या मुलीला स्वतःबरोबर काढावयाची असतात. त्या सोबतीची तयारी कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ मध्ये म्हटले, की लिहू इच्छिणाऱ्या स्त्रीजवळ पैसा आणि स्वतःची खोली हवी. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलीला अशी खोली कोठून मिळणार? वाचनालयातील टेबलाचा एक कोपरा हीच तिची खोली. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान देण्याची व्यवस्था केली. त्या खोलीत कोणती पुस्तके ठेवावयाची, हे ठरविणे मात्र बरेचसे गावातील सुशिक्षितांवर अवलंबून असते. शिक्षक आणि कचेरीतील मंडळीच बहुधा वाचनालयाच्या समितीवर असतात.

यवतमाळात २०१९ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्याने मोठा वाद झाला आणि अखेर उद्घाटन केले ते याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार सावरणारी स्त्री साहित्याच्या व्यासपीठावर बोलली. जिल्ह्यातील अशा कितीतरी जणींजवळ सांगण्यासारखे आहे. लिहिता येते हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही. ताराबाई, लक्ष्मीबाई आणि बेबीताई ते सांगू शकतील. त्यासाठी वाचनालयाच्या पुढील ग्रंथखरेदीत एक खण त्यांच्यासाठी राखून ठेवावा, आणि त्या खणाला कुलूप नसावे.