शाळेतली लस आणि घरातली सही

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या की नातवंडांच्या दप्तरातून एक हिब्रू कागद घरी येतो, नाहीतर आई-वडिलांच्या मोबाईलवर येतो. त्यात मुलाच्या प्रकृतीविषयी प्रश्न असतात व शेवटी सहीची जागा असते. आई-वडील कामावरून दमून येतात, आजी-आजोबांना हिब्रू भराभर वाचता येत नाही आणि कागद तसाच राहतो. सही केलेला कागद नसेल तर नर्स लस देत नाही. म्हणून हा कागद काय सांगतो ते आपल्या भाषेत पाहू.

इस्राएलमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या लसी टिपात हलावमध्ये मिळतात. त्यानंतर हे काम शाळेच्या नर्सकडे, म्हणजे 'अहोत'कडे येते. या लसी विनामूल्य असतात.

किता आलेफमध्ये गोवर, गालगुंड, रुबेला व कांजिण्या यांवरील एकत्र लसीचा दुसरा डोस असतो. तो आधीच झाला असेल तर पुन्हा देत नाहीत. किता बेतमध्ये घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला आणि पोलिओ यांचा पुढचा डोस असतो. किता हेतमध्ये पहिल्या तीन रोगांचा आणखी एक डोस आणि पॅपिलोमा विषाणूवरील लस दिली जाते.

या शेवटच्या लसीविषयी घरोघरी कुजबुज होते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून "आमच्या मुलीला याची काय गरज?" असे काही पालक विचारतात. पण लस विषाणूशी गाठ पडण्याआधी घेतली तरच पुरता उपयोग होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी याच विषाणूमुळे होतो. लस घेतल्याने मुलीच्या वागण्यावर काही शिक्का बसत नाही. या देशात शाळेत ही लस २०१३ पासून मुलींना व २०१५ पासून मुलांनाही दिली जाते, कारण घशाचे व इतर काही कर्करोग पुरुषांनाही होतात. १५ वर्षांच्या आत सुरुवात केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. उशीर झाला तर तीन घ्यावे लागतात.

दुसरी शंका गोवराच्या लसीची. तिच्यामुळे ऑटिझम होतो असे सुचवणारा लेख १९९८ मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात आला होता. त्या साप्ताहिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यातही असा संबंध आढळला नाही.

लसीचा त्रास मुळीच होत नाही असे नाही. दंड दुखतो, कधी थोडा ताप येतो. गोवराच्या लसीनंतर आठ-दहा दिवसांनी अंगावर पुरळ दिसू शकते. मोठ्या मुलांना सुई पाहून भोवळ येते, म्हणून त्यांना पंधरा मिनिटे बसवून ठेवतात.

लस घ्यावी की नाही हे या देशात पालक ठरवतात. लसीवाचून मुलाची शाळा अडत नाही. नको असेल तर तसे लेखी कळवता येते. पण विचार करून 'नको' म्हणणे वेगळे आणि कागद टेबलावर विसरणे वेगळे. विसरलेल्या कागदामागे कोणाचाच निर्णय नसतो, तरी मूल मात्र लसीवाचून राहते.

त्याची किंमत आपण पाहिली आहे. २०१८-१९ मध्ये इस्राएलमध्ये गोवराचे ४,००० हून अधिक रुग्ण झाले व तिघे दगावले. मार्च २०२२ मध्ये यरुशलेममध्ये लस न घेतलेल्या एका लहान मुलाला पोलिओ झाला. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. घरात तान्हे बाळ असेल, किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले कोणी असेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाची लस त्यांचेही रक्षण करते.

आता काय करावे? मुलाचा पिंकास हिसूनिम, म्हणजे लसींची वही, शोधून ठेवा. आधीच्या लसीने श्वास कोंडणे, अंग सुजणे असे काही झाले असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार वा औषध चालू असेल, तर कागदावर स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांना विचारा. लसीच्या दिवशी ताप असेल तर नर्सला सांगा. लस पुढे ढकलता येते. एखादा डोस राहून गेला असेल तर सगळे पहिल्यापासून घ्यावे लागत नाही. राहिलेला डोस कसा घ्यायचा ते नर्स सांगेल. आरोग्य खात्याच्या *५४०० या क्रमांकावरही विचारता येते.

आजी-आजोबांनो, आपल्यापैकी अनेकांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे. देवी जगातून गेल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले, म्हणून नातवंडांच्या दंडावर तो नाही. संध्याकाळी मुला-सुनेला, लेकी-जावयाला एवढेच विचारा : "शाळेचा कागद आला का? सही झाली का?"