घर पाहावे घेऊन



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा गृहस्थ गवंड्याच्या शेजारी उभा असे. पाया किती हात खाली गेला, चुना किती दिवस मळला, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाही. आज आपण घर बांधत नाही, विकत घेतो; आणि तेही पुष्कळदा ते उभे राहण्यापूर्वी. म्हणजे पैसे मोजून आपण जे घेतो ते घर नव्हेच. तो एक नकाशा असतो, एक तारीख असते आणि एक वचन असते. तारीख टळली तर काय करावे आणि वचन खोटे ठरले तर काय करावे, एवढ्या दोनच प्रश्नांचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मी वकील नव्हे आणि इंजिनियरही नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली आणि मी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरू लागलो. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेथे एक धडा पक्का झाला: न वाचलेल्या कागदावर सही करू नये. हाच धडा मी एकदा विसरलो आणि त्याचे मोल दुसऱ्याने भरले. तेथूनच सुरुवात करतो.

आमच्या युनियनमधील एक कामगार आणि विड्या वळणारी त्याची पत्नी यांनी पोटाला चिमटा घेऊन, बँकेचे कर्ज काढून, एका इमारतीत दोन खोल्या घेतल्या. कराराची तारीख उलटून दीड वर्ष गेले. अखेर एके दिवशी किल्ली घ्यायला बोलावणे आले, आणि किल्लीबरोबर एक छापील कागद आला: ‘घर पाहिले, पसंत आहे, उशिराबद्दल वा कामाबद्दल काही तक्रार नाही.’ ती दोघे कागद घेऊन माझ्याकडे आली. मी म्हणालो, “ताई, सही करून टाका. निदान भाडं तरी वाचेल.” ती बाई म्हणाली, “अण्णा, तुम्ही म्हणताय तर करतो की.” पहिल्याच पावसात पश्चिमेची भिंत ओली झाली आणि मुलाच्या अंथरुणापर्यंत पाणी आले. विकासकाकडे गेलो, तर त्याने तोच कागद पुढे केला. त्या रात्री मी कायदा वाचायला बसलो. तो आधी वाचायला हवा होता.

प्रथम उशिराचा हिशेब पाहू. समजा, बँकेने आजवर १२ लाख रुपये विकासकाला दिले आहेत आणि व्याज सालीना ९ टक्के आहे. म्हणजे महिन्याला ९,००० रुपये व्याज झाले. राहत्या खोलीचे भाडे ४,००० धरा. घर मिळाले नाही तरी १३,००० रुपये दरमहा जातात. दीड वर्षात २,३४,००० रुपये झाले! कारखान्यात पाळीला उशीर झाला की कामगाराचा पगार कापला जातो. मग येथे कोणाचे कापावे?

पूर्वीच्या करारांतून याचे उत्तर मोठे चमत्कारिक मिळे. ग्राहकाचा हप्ता चुकला तर त्याला जबर व्याज, आणि विकासकाचा ताबा चुकला तर चौरस फुटामागे चार-पाच रुपये भरपाई! एकाच कागदावर दोन मापे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, ही दोन मापे मोडली. ग्राहकाने चुकविले तर जो दर, विकासकाने चुकविले तरी तोच दर. महाराष्ट्रात तो स्टेट बँकेच्या कर्जाच्या सर्वोच्च सीमांत दरापेक्षा २ टक्के अधिक असा ठरविला आहे.

ताबा करारातील तारखेस मिळाला नाही, तर कलम १८ प्रमाणे ग्राहकापुढे दोन वाटा असतात. घर नको असेल, तर दिलेली सर्व रक्कम व्याजासह आणि भरपाईसह परत मागावी. घर हवेच असेल, तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचे व्याज मागावे. कोणती वाट धरायची हे ग्राहकाने ठरवायचे, विकासकाने नव्हे. पैसे परत मागण्याचा हा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात स्पष्ट केले. वाळू मिळाली नाही, मजूर गावी गेले, ही कारणे आपण नेहमी ऐकतो. कायद्याने ज्यांना अपरिहार्य मानले ती कारणे म्हणजे युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशा आपत्ती. मजूर गावी जाणे ही आपत्ती नव्हे. बहुधा त्यांची मजुरी थकलेली असते.

कारण उशिराचे खरे मूळ पैशाच्या वाटेत आहे. एका इमारतीसाठी घेतलेला पैसा दुसऱ्या जागेच्या खरेदीत जातो, दुसरीचा तिसरीत. साखळीची एक कडी तुटली की तिन्ही सांगाडे उघडे पडतात. म्हणून नव्या कायद्याने दोन बंध घातले. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावयाची आणि ती जमीन व बांधकाम यांवरच खर्चावयाची. आणि करारनामा नोंदविल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यावयाची नाही. ‘आधी निम्मे भरा, करार दिवाळीनंतर करू’ असे कोणी म्हणाले, तर पायात चपला घालाव्या आणि नमस्कार करून निघावे.

आता दुसरा प्रश्न, कामातील दोषांचा. १९६३ च्या महाराष्ट्राच्या मालकी सदनिका कायद्यात दोष दाखवून देण्यास तीन वर्षांची मुदत आहे. रेराच्या कलम १४ ने ती ताब्यापासून पाच वर्षे केली. बांधकामाचा सांगाडा, कारागिरी, मालाचा दर्जा, ठरलेल्या सोयी, यांपैकी कशातही दोष निघाला आणि तो पाच वर्षांत नजरेस आणून दिला, तर विकासकाने तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने तो दुरुस्त करावा. न केल्यास भरपाई द्यावी. येथे ‘नजरेस आणून देणे’ हे शब्द महत्त्वाचे. जिन्यात भेटला तेव्हा सांगितले, ही तक्रार नव्हे. तारीख घालून पत्र लिहावे, भेगेचे छायाचित्र जोडावे, रजिस्टर पोस्टाने पाठवावे आणि पोचपावती जपून ठेवावी.

सोलापुरात भिंतींना भेगा का पडतात हेही समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. पाया या मातीतच थांबला तर घर दरवर्षी किंचित वर-खाली होते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. पाया खालच्या कठीण मुरुमापर्यंत गेलाच पाहिजे. दुसरे कारण पाण्याचे. सिमेंटचे काम वाळून पक्के होत नाही, ते ओले राहून पक्के होते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर निदान सात दिवस, आणि कोरड्या कडक उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारावे लागते. ज्या गावाने वर्षानुवर्षे नळाच्या पाण्याची वाट दिवस मोजून पाहिली, त्या गावात मे महिन्यात स्लॅबवर पाणी कोण मारणार? टँकरचा खर्च वाचविला जातो आणि तो पुढे गळतीच्या रूपाने आपल्या माथी येतो. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की गिलाव्यावरची केसासारखी बारीक भेग म्हणजे इमारत खचली असे नव्हे. आणि कपाटासाठी आपणच कॉलम फोडला, तर दोष विकासकाच्या माथी मारता येणार नाही.

ताबा घेताना महानगरपालिकेचा वापर परवाना मागावा. तो मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ताबा घेणे हे आपलेही कर्तव्य आहे. ताबापावतीवर ‘तक्रार नाही’ असे छापलेले असेल, तर ते खोडून जे दिसते ते लिहावे: नळ गळतो, फरशी पोकळ वाजते, ताबा अमुक महिने उशिरा मिळाला, व्याजाचा हक्क राखून ठेवला आहे.

एवढे करून भागले नाही, तर महारेराकडे ५,००० रुपये शुल्क भरून तक्रार करता येते. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका, अशा लहान प्रकल्पांना रेराची नोंदणी लागत नाही. आपल्या गल्लीबोळांतील पुष्कळ इमारती अशाच असतात. तेथे १९६३ चा कायदा आणि ग्राहक आयोग हे आधार आहेत. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची, ती चुकवू नये. आणि हेही ध्यानात ठेवावे की हुकूम मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. पैसे न भरल्यास वसुलीचे वॉरंट निघते, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. त्या कचेरीत चिकाटीने खेटे घालावे लागतात.

हे खेटे एकट्याने घालणे कठीण असते. आपल्याच शेजारी कुंभारीला विडी कामगार भगिनींसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १०,००० घरे उभी राहिली; ती २००६ मध्ये त्यांच्या हाती आली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३०,००० घरांची योजना झाली. तिची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी मिळाली. तीही वाट लांबचीच होती. परंतु वाट पाहणारा एकटा नव्हता, संघटित होता. हा फरक लहान नाही.

आता त्या दोघांची हकीकत पुरी करतो. त्या इमारतीतील बारा कुटुंबांना आम्ही गच्चीवर एकत्र बसविले. एकच पत्र लिहिले, बारा सह्या केल्या आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी पाठविले. उत्तर आले नाही, तेव्हा तक्रार केली. अखेर तडजोड झाली. भिंतीचा गिलावा नव्याने झाला, गच्चीचे काम झाले, गळती थांबली. उशिराचे व्याज मात्र तडजोडीत सोडावे लागले. तो छापील कागद आणि त्यावरील सही आमच्या आड आली. ती सही त्यांची होती, पण सल्ला माझा होता. ती माउली मला एका शब्दाने बोलली नाही. आजही चहा दिल्यावाचून जाऊ देत नाही. म्हणूनच ही गोष्ट मला अधिक लागते, आणि म्हणूनच आज आपल्यापुढे उभा राहिलो.

जुनी म्हण आता थोडी बदलून घेऊ या. घर पाहावे घेऊन. पण त्याआधी करार पाहावा वाचून, आणि शेजाऱ्याला घ्यावे बरोबर.