अंगावरचे फोड आणि तंबाखूचा गैरसमज

गावात कुणाच्या अंगावर पाण्याचे फोड उठले की ‘नागीण आहे’ असे ठरवून लोक मोकळे होतात. मग गेरूचा लेप आणि मंत्र सुरू होतात. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि तीन-चार आठवड्यांत सुकते. पण महिना उलटला तरी फोड फुटून ओल्या जखमा राहत असतील, नवे फोड पसरत असतील, तोंड सोलून निघाले असेल, तर तो पेम्फिगस असू शकतो.

हा रोग शिवाशिवीने पसरत नाही. रोगाशी लढणारी शरीराची शक्तीच उलटते आणि त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करते. विटांमधला चुना निघून जावा तशी कातडी सुटते. अनेकांना सुरुवात तोंडातच होते. तंबाखू खाणारा माणूस ‘चुन्याने तोंड आले’ म्हणून ते अंगावर काढतो आणि मोलाचे महिने वाया जातात.

तंबाखूची गोष्ट कुठून आली?

‘तंबाखूने फोड दबतात’ असे कुणी सांगितले तर त्याला थोडा आधार आहे, पण थोडाच. सिगारेट ओढल्याने पेम्फिगसच्या एका रुग्णाला उतार पडल्याची नोंद २००० साली अमेरिकेतील त्वचारोगाच्या मासिकात आली. २००१ साली भारतासह काही देशांतील १२६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात रुग्णांमध्ये धूम्रपान करणारे निरोगी माणसांपेक्षा कमी आढळले. त्वचेच्या पेशींवर निकोटीन जिथे चिकटते अशा जागा असतात आणि पेशींची एकमेकींवरची पकड त्यांच्याशी निगडित आहे, असे संशोधक सांगतात.

म्हणून तंबाखू हे औषध ठरत नाही. सोललेल्या तोंडात चुना-तंबाखूची गोळी धरली तर आग होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. या रोगात स्टेरॉइड घ्यावे लागते, त्याने हाडे ठिसूळ होतात. विडी-सिगारेटनेही तेच होते. जखमेवर तंबाखूचा लेप तर कदापि लावू नये. तंबाखूच्या ओल्या पानांत काम करणाऱ्या मजुरांना धड कातडीतूनही निकोटीन बाधते, मळमळ आणि चक्कर येते. मग उघड्या जखमेचे काय होईल?

त्याच पाहणीत रुग्णांचा कीटकनाशकांशी संबंध जास्त आल्याचे दिसले. फवारणीनेच रोग होतो असे यावरून सिद्ध होत नाही. तरी रोग्याने पंप पाठीवर घेऊ नये, हे बरे.

उपचार आहेत

स्टेरॉइड येण्यापूर्वी, म्हणजे १९५० च्या आधी, या रोगाचे बहुतेक रुग्ण दगावत. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समधील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी दर महिन्याला तीन दिवस शिरेतून मोठा डोस देण्याची पद्धत रूढ केली. आता रिटुक्सिमॅब हे इंजेक्शनही आहे. फोडाच्या कडेचा छोटा तुकडा तपासून निदान होते. जखमा चादरीला चिकटू नयेत म्हणून रुग्णाला स्वच्छ केळीच्या पानांवर निजवण्याची आपल्याकडची रीतही उपयोगी पडते.

मोठी चूक होते ती पुढे. फोड सुकले, पेरणीची घाई आली, पैसे संपले, की गोळ्या एकदम बंद होतात. स्टेरॉइड असे तोडले तर रोग उसळतो आणि जीवावर बेतू शकते. डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा असतो. ताप आला, जखमेत पू झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी एवढे करावे: असा रुग्ण दिसला तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पाठवावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते आरोग्यमित्राकडे विचारावे. आणि पाणवठ्यावर, पंगतीत त्याला कुणी बाजूला बसवत असेल, तर हा रोग लागट नाही, हे चारचौघांत सांगावे.